टपालात न पडलेले पत्र

एके काळी मराठी घरांच्या आणि शाळांच्या भिंतीवर एक पत्र हमखास दिसायचे. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले. वसंत बापटांच्या मराठी शब्दांतून ते आपल्याकडे असे काही रुजले, की लिंकन आपल्याच एखाद्या आळीत राहून गेला असावा असे वाटे. आमच्या घरीही ते होते. मुलीला शाळेत बक्षीस मिळालेली ती चौकट मी बँकेतल्या बदल्यांबरोबर चार गावे फिरवली आणि प्रत्येक घरात तिच्यासाठी नवा खिळा ठोकला. निवृत्त झाल्यावर लिंकनविषयी हाती लागेल ते सवडीने वाचू लागलो, तेव्हा कळले की त्याच्या समग्र लेखनात या पत्राचा कुठे मागमूसच नाही. ते त्याने लिहिल्याचा पुरावा आजवर कुणाला मिळालेला नाही.

चुटपुट लागली, पण चौकट काढली नाही. कारण त्याच वाचनात त्याची अस्सल पत्रे भेटली. ती हाताखालच्या माणसांना लिहिलेली आहेत. कुणी मंत्री, कुणी सेनापती. कुणी भलतीच योजना पुढे केलेली, कुणी हातची संधी घालवलेली. या माणसांना लिंकनने काय लिहिले हे वाचण्याजोगे आहेच. पण त्याने काय लिहून ठेवले आणि पाठवले नाही, हे त्याहून वाचण्याजोगे आहे. त्यातले एक पत्र समजून घेताना मला तीसेक वर्षांपूर्वीची बँकेतली एक दुपार आठवली. ती फारशी अभिमानाची नाही. तरी आधी तीच सांगतो.

*

१९९३ साल असेल. एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी म्हणून नुकताच रुजू झालो होतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शनवाल्यांची रांग काउंटरपासून जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत जायची. वरून सर्क्युलर आले म्हणून आम्ही एक सूचना पेटी टांगली होती. तिच्यात सहसा पानाच्या पुड्यांचे कागद निघत. एकदा मात्र नीट अक्षरात लिहिलेला एक फुलस्केप निघाला. बचत खात्याच्या काउंटरवरच्या एका तरुण कारकुनाने सुचवले होते, की पेन्शनवाल्यांना आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे पाच वेगवेगळ्या तारखांना बोलवावे, म्हणजे गर्दी आपोआप विभागली जाईल.

कल्पना टाकाऊ होती. त्या रांगेत निम्मे लोक पाटील नाही तर पवार. ‘प’च्या दिवशी जिना पूर्वीइतकाच भरला असता. शिवाय एक तारखेच्या पैशावर ज्यांची चूल पेटते त्यांना पाच तारखेला या, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? एवढेच त्याला बाजूला घेऊन सांगता आले असते. मी काय केले, तर चार वाजताच्या चहाला तो कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला आणि वर बाराखडीवरून एक कोटी केली. सगळे हसले. तोही हसला. मग कागद मागून घेऊन त्याने चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

पेटीत पुन्हा त्याचा कागद आला नाही. मलाही ते जाणवले नाही.

पुढच्या वर्षी ऑडिटमध्ये एक चूक सापडली. एका वृद्ध विधवेच्या पेन्शनच्या थकबाकीची रक्कम तिच्याच नावाच्या दुसऱ्या बाईच्या खात्यात जमा झाली होती आणि पाच महिने तशीच पडून होती. ती बिचारी दर महिन्याला चौकशी करून जायची आणि आम्ही तिला पैसे वरून आले नाहीत म्हणून सांगायचो. दरम्यान वाण्याची उधारी भागवायला तिने हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. मी सगळ्यांना बोलावून विचारले. त्या मुलाने खालच्या मानेने सांगितले, की त्याला दुसऱ्याच महिन्यात शंका आली होती. मग बोलला का नाहीस, असे मी विचारले. तो गप्प राहिला. चूक त्याचीही होतीच. पण त्या गप्प राहण्यात माझा वाटा किती, हे मला कुणी सांगण्याची गरज नव्हती.

*

लिंकनसुद्धा जन्मजात शहाणा नव्हता, हे वाचून मला जरा धीर आला.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीत ओंडक्यांच्या खोपटात जन्म, नवव्या वर्षी आईचे छत्र हरपलेले, सगळी मिळून वर्षभराचीही शाळा नाही, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. माझ्यासारख्या बँकवाल्याला त्याचे दुसरेच प्रकरण जवळचे वाटते. इलिनॉयमधल्या न्यू सेलम या खेड्यात त्याने भागीदारीत दुकान काढले. ते बुडाले, भागीदार वारला आणि सगळे कर्ज याच्या अंगावर आले. दुसरा कुणी रातोरात गाव सोडून गेला असता. याने पोस्टमास्तरकी केली, जमिनी मोजल्या, पुढे वकिली केली आणि वर्षानुवर्षे फेडत राहून ते देणे चुकते केले. असा कर्जदार शाखाधिकाऱ्याच्या स्वप्नात येतो.

पण जिभेला धार होती. सभेत एखाद्याची नक्कल करावी तर त्यानेच. १८४० साली जेसी टॉमस नावाच्या विरोधकाची चाल आणि बोलणे त्याने भर सभेत असे हुबेहूब उभे केले, की लोक हसून बेजार झाले आणि तो गृहस्थ रडू लागला. लिंकनला मागाहून जाऊन त्याची माफी मागावी लागली. तरी खोड मोडली नाही. दोन वर्षांनी जेम्स शील्ड्स या सरकारी हिशेब तपासनिसाची त्याने वर्तमानपत्रात टोपणनावाने टर उडवली. शील्ड्सने लेखकाचा माग काढला आणि थेट द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. सप्टेंबर १८४२ मध्ये मिसिसिपीच्या पलीकडच्या काठावर दोघे तलवारी घेऊन समोरासमोर आलेही. मित्रांनी मध्ये पडून समेट केला म्हणून निभावले. त्या प्रसंगाचा विषय निघालेला पुढे लिंकनला आवडत नसे. माणसाला हसण्यावारी नेले की काय होते, हे त्याला त्या नदीकाठी कळले असावे. निनावी टवाळी त्याने त्यानंतर सोडली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर याच शील्ड्सला त्याने सैन्यात ब्रिगेडियर जनरल नेमले.

टाकाऊ कल्पना सुचणे म्हणजे काय असते, हेही तो स्वतःवरून जाणत होता. नदीच्या उथळ पात्रात रुतलेली बोट हवेच्या फुग्यांनी उचलून धरण्याची एक युक्ती त्याने शोधली. लाकडाचा नमुना करवून घेतला आणि २२ मे १८४९ रोजी तिचे पेटंटही मिळवले. पेटंट क्रमांक ६४६९. ती युक्ती कुणीही कधी वापरली नाही. पेटंट नावावर असलेला अमेरिकेचा तो एकमेव अध्यक्ष, आणि तेही न चाललेल्या यंत्राचे!

*

नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आला. मंत्रिमंडळ निवडताना त्याने अजब केले. पक्षाच्या उमेदवारीसाठी जे त्याच्याशी झुंजले होते, त्या सगळ्या बड्या प्रतिस्पर्ध्यांनाच त्याने आत घेतले. त्यात सर्वांत वजनदार विल्यम स्यूअर्ड. लिंकनपेक्षा आठ वर्षांनी मोठा, न्यूयॉर्कचा माजी गव्हर्नर, बारा वर्षे सिनेटर. उमेदवारी आपल्यालाच मिळणार असे तो आणि सगळा देश धरून चालला होता. लिंकनने त्याला परराष्ट्रमंत्री केले.

४ मार्च १८६१ रोजी लिंकनने सूत्रे घेतली तेव्हा दक्षिणेची सात राज्ये संघराज्यातून फुटून गेली होती. पहिल्या भाषणाचा मसुदा त्याने स्यूअर्डला दाखवला. त्याचा शेवट फार करडा झाला आहे, असे स्यूअर्डचे मत पडले. त्याने एक मवाळ परिच्छेद लिहून दिला. लिंकनने त्यातला आशय घेतला, भाषा स्वतःच्या कानाने पुन्हा घडवली, आणि त्या भाषणाचा तोच भाग आज सर्वांत जास्त आठवला जातो. म्हणजे चांगली सूचना ओळखण्याची नजर त्याच्याकडे होती. परीक्षा झाली ती वाईट सूचनेच्या वेळी.

ती १ एप्रिलला आली. तारीख योगायोगाची, पण स्यूअर्ड चेष्टा करत नव्हता. त्याने अध्यक्षांना एक टिपण पाठवले. महिना झाला तरी सरकारला धोरण नाही, असे त्यात साफ म्हटले होते. मग उपाय. समटर हा दक्षिणेच्या तोंडचा किल्ला सोडून द्यावा. स्पेन आणि फ्रान्स यांच्याकडे त्यांच्या या खंडातल्या हालचालींचा जाब मागावा, ब्रिटन आणि रशियालाही खुलासा विचारावा; स्पेन-फ्रान्सचे उत्तर पटले नाही तर त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारावे. परका शत्रू समोर दिसला की घरचे भांडण मिटेल, हा हिशेब. आणि शेवटी, हे सगळे कुणीतरी एकाने हाती घेतले पाहिजे. अध्यक्षांना जमत नसेल तर मंत्रिमंडळातल्या कुणावर सोपवावे. तो कुणी कोण, हे शाळकरी पोरालाही कळले असते.

आता लिंकनच्या जागी आपण बसून पाहू. घर जळत असताना शेजाऱ्यांशी भांडण काढा, असे हा सल्ला सांगतो. वर घरमालकाने किल्ल्या माझ्याकडे द्याव्यात, असेही सुचवतो. हे टिपण मंत्रिमंडळात वाचून दाखवले असते, तर स्यूअर्डला त्याच दिवशी राजीनामा द्यावा लागला असता. एखाद्या संपादकाच्या हाती पडू दिले असते, तर त्याचे राजकारण संपले असते. नक्कल करणारी जीभ अजून तोंडात होतीच.

लिंकनने त्याच दिवशी उत्तर लिहिले. छोटे, आणि आवाज न चढवता. धोरण नाही या आरोपावर त्याने एवढेच दाखवून दिले, की पहिल्या भाषणात धोरण सांगितले होते आणि स्यूअर्डने तेव्हा ते मान्य केले होते. परदेशांशी युद्धाच्या भागावर त्याने वाद घातलाच नाही. तो भाग त्याने नुसता खाली पडू दिला. शेवटच्या मुद्द्यावर मात्र रेघ ओढली: जे करायचे ते मलाच करावे लागेल, पण त्यासाठी मला सगळ्या मंत्र्यांचा सल्ला हवा आहे. एका वाक्यात अधिकारही सांगितला आणि सल्ल्याचे दारही उघडे ठेवले.

हे पत्र पुढे लिंकनच्याच कागदपत्रांत सापडले. त्यावरून अभ्यासक मानतात, की ते त्याने पाठवले नसावे. स्यूअर्डला समोर बसवून तोंडीच सांगितले असावे. लिहिताना राग आणि गोंधळ निवळला, आणि माणसाच्या हाती कायमचा सलणारा कागद द्यायची वेळ आली नाही. लिंकन यातले कुणाजवळ बोलला नाही. दोघेही काळाच्या पडद्याआड गेल्यावर लिंकनच्या दोन चिटणिसांनी त्याचे मोठे चरित्र लिहिले, तेव्हा ही हकीकत जगाला कळली. जवळजवळ तीस वर्षे एक टाकाऊ कल्पना दोन माणसांच्या पोटात राहिली.

माझा तो फुलस्केप चार वाजताच्या चहाला वाचला गेला होता.

*

गोष्ट इथे संपली असती तर ती नुसत्या सौजन्याची झाली असती. खरी गोष्ट पुढे आहे.

१२ एप्रिलला समटरवर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी सुरू झाली. मे महिन्यात स्यूअर्डने लंडनमधल्या अमेरिकी वकिलासाठी एक खलिता तयार केला. भाषा अशी, की ब्रिटन दुखावलेच पाहिजे. लिंकनने तो परत धाडला नाही, फाडलाही नाही. हातात लेखणी घेऊन ओळी खोडल्या, तिखट शब्दांच्या जागी सौम्य शब्द घातले, आणि हा कागद ब्रिटिश सरकारला न दाखवता वकिलाने आपल्यापुरता वाचावा असे सुचवले. खलिता स्यूअर्डचाच राहिला, फक्त त्यातली काडेपेटी काढून घेतली गेली. ज्यांनी साहेबाच्या लाल शाईने रक्तबंबाळ झालेले मसुदे परत घेतले आहेत, त्यांना यातला फरक सांगायला नको.

सहा महिन्यांनी काय झाले पाहा. नोव्हेंबर १८६१ मध्ये एका अमेरिकी कप्तानाने ‘ट्रेंट’ हे ब्रिटिश जहाज अडवून दक्षिणेचे दोन प्रतिनिधी उतरवून घेतले. देशात जल्लोष झाला. ब्रिटनने कॅनडाकडे सैन्य रवाना केले. कैदी सोडले तर मानहानी, न सोडले तर एकाच वेळी दोन युद्धे. या वेळी सोडून द्या असे निक्षून सांगणारा होता स्यूअर्ड, एप्रिलमध्ये चार देशांवर गुरकावू पाहणारा तोच. लिंकनच्या मनात सोडायचे नव्हते. स्यूअर्डच्या मुलाने पुढे सांगितलेली आठवण अशी, की लिंकनने स्यूअर्डला त्याची बाजू लिहून आणायला सांगितले आणि विरुद्ध बाजू स्वतः लिहून पाहतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी स्यूअर्डचा मसुदा मंजूर झाला. लिंकनचा कागद कुठे आहे असे विचारल्यावर त्याने कबूल केले, की स्वतःचे समाधान होईल असा युक्तिवाद त्याला लिहिताच आला नाही. कैदी सुटले, युद्ध टळले.

आणि जुलै १८६२. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लिंकनने २२ तारखेला मंत्रिमंडळासमोर वाचला. काय करायचे ते त्याचे ठरले होते. स्यूअर्डने फक्त वेळेचा मुद्दा काढला. रणांगणावर एकामागून एक पराभव होत आहेत. अशा वेळी जाहीरनामा काढला तर तो हरणाऱ्याचा शेवटचा आकांत वाटेल. एक विजय मिळू द्या, मग काढा. लिंकनला हे सुचले नव्हते. त्याने कागद बाजूला ठेवला आणि दोन महिने थांबला. १७ सप्टेंबरला अँटिटमची लढाई झाली, पाचव्या दिवशी जाहीरनामा निघाला आणि १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला. आपल्याकडे १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांना अर्पण केले, त्यांच्या कामगिरीतले हे सर्वांत मोठे पाऊल. ते योग्य वेळी पडले यात स्यूअर्डचा हात होता. १ एप्रिलला त्याचा कागद चव्हाट्यावर आला असता, तर २२ जुलैला तो त्या खोलीत नसता. असता, तरी बोलला नसता.

*

सेनापतींच्या बाबतीत लिंकनला हे इतके सोपे गेले नाही. जनरल मॅक्लेलनने त्याचा अंत पाहिला. एकदा तर अध्यक्ष घरी येऊन थांबले असताना हा गृहस्थ परस्पर वर जाऊन झोपला. फेब्रुवारी १८६२ मध्ये त्याला सैन्य जलमार्गाने दूर नेऊन शत्रूच्या राजधानीवर मागून जायचे होते. लिंकनला हे पटत नव्हते. त्याने ३ तारखेच्या पत्रात पाच प्रश्न विचारले. तुमच्या योजनेला वेळ आणि पैसा जास्त लागत नाही का? तिच्यात विजयाची खात्री कशी जास्त? विजय मिळाला तर त्याचे मोल कसे जास्त? शत्रूची वाट तोडण्याच्या दृष्टीने ती उणी नाही का? आणि फसली तर माघार घेणे अवघड नाही का? समाधानकारक उत्तरे द्या, मी आनंदाने माझी योजना सोडतो. आम्ही कर्जप्रकरण छाननीला घेताना जे विचारतो तेच हे. नाही म्हणण्याआधी समोरच्याला स्वतःच्या कल्पनेकडे नीट बघायला लावणे.

मॅक्लेलनने लांबलचक उत्तर लिहिले, लिंकनने मान तुकवली आणि मोहीम उन्हाळ्यात फसली. चांगला प्रश्न विचारला म्हणून वाईट योजना चांगली होत नाही, हेही सांगितले पाहिजे. या माणसाला लिंकनने फार दिवस सांभाळले, असे मला वाटते. त्याची किंमत रणांगणावरच्या पोरांनी मोजली. अखेर नोव्हेंबरमध्ये त्याला दूर केले. ऐकून घेणे म्हणजे कधीच नाही न म्हणणे नव्हे.

पुढचा हूकर. देशाला हुकूमशहा हवा, अशी याची वल्गना लिंकनच्या कानावर आली होती. जानेवारी १८६३ मध्ये त्याला सेनापती नेमताना लिंकनने त्याला एक पत्र दिले. आधी गुण सांगितले, मग दोष सांगितले, हुकूमशहाची गोष्टही सोडली नाही आणि मग मदतीचे वचन दिले. जूनमध्ये ली उत्तरेकडे सरकू लागला, तेव्हा हूकरने नदी ओलांडून त्याच्या मागच्या फौजेवर पडण्याचा बेत कळवला. लिंकनने उत्तरात शेतकऱ्याची उपमा दिली. कुंपणावरून उडी मारताना मध्येच अडकलेला बैल. पुढून मागून कुत्री चावतात, त्याला ना शिंग मारता येत ना लाथ. तशी गत होईल. पाच दिवसांनी हूकरची दुसरी योजना आली, सरळ शत्रूच्या राजधानीवर जाण्याची. लिंकनने समजावले, की तुमचे लक्ष्य शहर नसून लीची फौज आहे. दोन्ही वेळा नकार होता, पण कारणासकट. कारण कळले की माणूस पुढच्या वेळी निदान त्या कारणापासून विचार सुरू करतो.

आणि जुलै १८६३ मधले ते लागोपाठचे दोन दिवस मला सर्वांत भावतात. १३ तारखेला लिंकनने ग्रँटला पत्र लिहिले. ग्रँटने व्हिक्सबर्ग जिंकले होते, पण ज्या वाटेने तो गेला ती चुकीची आहे अशी लिंकनला भीती होती. आता त्याने लेखी कबूल केले, की तुमचे बरोबर होते आणि माझे चुकले. हे पत्र त्याने पाठवले. १४ तारखेला जनरल मीडला लिहिले. मीडने गेटिसबर्ग जिंकले होते, पण लीला नदीपलीकडे निसटू दिले होते. लिंकनचे दुःख त्या पत्रात ओळीओळीत आहे. ते त्याने घडी करून पाकिटात घातले आणि पाकिटावर नोंद केली, की हे पाठवले नाही आणि यावर सहीही केलेली नाही. आपली चूक कबूल करणारे पत्र गेले, दुसऱ्याच्या चुकीचे राहिले. आपल्या कचेऱ्यांत आणि, खरे सांगायचे तर, आपल्या घरांतही बहुधा उलटे घडते.

*

फेब्रुवारी १८६५. युद्ध संपत आले होते. लिंकनला एक कल्पना सुचली. युद्धाचा रोजचा खर्च पाहता, लढाई थांबवण्याच्या बदल्यात गुलामगिरीच्या राज्यांना ४० कोटी डॉलर द्यावेत. ५ तारखेला त्याने ती मंत्रिमंडळापुढे मांडली. एकही मंत्री अनुकूल नव्हता. त्याच्या हाती सर्वाधिकार होते, निवडणूक नुकतीच पुन्हा जिंकली होती. त्याने कागदाच्या पाठीवर सर्वांनी एकमताने नापसंत केल्याची नोंद केली आणि तो बाजूला ठेवून दिला. ज्याच्यापुढे माणसे न घाबरता नाही म्हणू शकतात, तो साहेब अशा दिवशी स्वतःच्याच पेरणीचे पीक घेत असतो.

एप्रिलच्या सुरुवातीला स्यूअर्ड घोडागाडीतून पडला. जबडा आणि हात मोडला. ९ तारखेला लिंकन आघाडीवरून परतला तो त्याच संध्याकाळी त्याला भेटायला गेला. रुग्णाला मान वळवता येत नव्हती, म्हणून हा सहा फूट चार इंचांचा अध्यक्ष त्याच्या पलंगावर आडवा पसरला आणि कोपरावर डोके टेकून युद्ध संपत आल्याचे सांगू लागला. तीच त्यांची शेवटची भेट. १४ एप्रिलच्या रात्री लिंकनवर नाट्यगृहात गोळी झाडली गेली, आणि त्याच वेळी कटातल्या दुसऱ्याने स्यूअर्डच्या खोलीत शिरून त्याच्यावर सुऱ्याचे वार केले. लिंकन सकाळी गेला. स्यूअर्ड वाचला. त्याची प्रकृती पाहून त्याला कुणी काही सांगितले नव्हते. अशी आठवण सांगतात, की खिडकीतून अर्ध्यावर उतरवलेला ध्वज दिसला आणि त्याला उमगले. लिंकन जिवंत असता तर सगळ्यांत आधी आपल्याला भेटायला तोच आला असता, असे तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

दोन वर्षांनी, १८६७ मध्ये, स्यूअर्डने रशियाकडून ७२ लाख डॉलरना अलास्का विकत घेतला. बर्फाच्या त्या उजाड मुलखासाठी इतके पैसे दिले म्हणून टीकाकारांनी त्या व्यवहाराला स्यूअर्डचा मूर्खपणा असे नाव दिले. पुढे तिथे सोने निघाले, तेल निघाले. टाकाऊ कल्पना कोणती, हे त्या दिवशी हसणाऱ्याला नेहमी कळतेच असे नाही.

*

त्या कारकुनाची कल्पना मात्र आजही मला टाकाऊच वाटते. पण तिच्या आत एक नजर होती, ती मी पाहिली नाही. आम्ही सगळे काउंटरच्या आत बसून गर्दीला वैतागत होतो. खालच्या पायरीवर बसून राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका दिसल्या होत्या त्या एकट्या त्याला. मी त्याला नुसते विचारले असते, की बाबा रे, तुला हे का सुचले, तर त्याने ते सांगितले असते. मग दोन बाके, पाण्याचा माठ आणि पहिल्या तारखेपुरता एक जादा काउंटर एवढ्यानेच काम झाले असते. तेवढे आम्ही केलेही, पण एक आजोबा जिन्यात चक्कर येऊन पडल्यानंतर.

तो मुलगा पुढे अधिकारी झाला, बदल्या होत होत लांब गेला. आता तोही निवृत्तीला आला असेल. गेल्या महिन्यात त्याचा पत्ता मिळवला आणि त्याला पत्र लिहिले. फुलस्केपचे सांगितले, चहाचे सांगितले, त्या बाईच्या पाटल्यांचेही सांगितले. चूक माझी होती असे लिहिताना हात जरा अडखळला. लिहून झाल्यावर दोन दिवस ते तसेच टेबलावर होते. भिंतीवरची चौकट समोरच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना ते बरोबर घेतले आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून आलो.